कांदा निर्यातीचं धोरण रोपं टाकायच्या आधी सांगा : केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय वाणिज्य मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला, कांद्याच्या खळ्यावर निवड, पॅकिंग आणि कंटेनर भरायचं काम बघतो. हल्ली कुठल्याही भाषणात सप्लाय चेन हा शब्द असतोच. लॉजिस्टिक पार्क, कोल्ड स्टोरेज, वाढवण बंदर, सगळं ऐकतो आणि ते हवंच आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये १६०० टन कांदा रेल्वेने दिल्लीला गेला तेव्हा आम्हालाही बरं वाटलं. पण साहेब, आमची चेन रस्ता किंवा बंदर कमी पडतं म्हणून तुटत नाही हो, ती रात्री निघणाऱ्या नोटिफिकेशनने, म्हणजे सरकारी आदेशाने तुटते.

आधीचं सगळं तुमच्याकडे रेकॉर्डला आहेच. सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० ला उठली, सहा महिन्यात सप्टेंबर २०२० ला परत बंदी. मग १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात ड्युटी, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याच्या खाली बाहेर विकायचं नाही, ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी, ३१ मार्चला संपणार म्हणून सांगितलं आणि ती मुदत संपायच्या आधीच पुढे ढकलली, शेवटी मे २०२४ मध्ये उठवली तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के ड्युटी लावून. ड्युटी पूर्ण गेली १ एप्रिल २०२५ ला. यात व्यापाऱ्याने सौदा करायचा कसा आणि शेतकऱ्याने लावायचं किती ते सांगा.

डिसेंबरच्या बंदीत ज्यांचा माल कस्टमच्या ताब्यात गेला होता किंवा जहाजात चढायला लागला होता त्यांना सूट होती, मान्य. पण जो ट्रक तेव्हा कसारा घाटात होता त्याचं काय? जी गोणी खळ्यावर शिवून तयार होती, त्यावर परदेशातल्या गिऱ्हाइकाचा मार्का छापलेला, बारदानाचे, हमालीचे, निवडीच्या बायांच्या मजुरीचे पैसे देऊन झालेले, त्याचं काय? तो माल परत लोकल मार्केटला येतो आणि सगळ्यांचा एकाच वेळी येतो, मग भाव पडतो आणि दुसऱ्या दिवशी लिलाव बंद. ज्याने चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, तीन-चार महिने सांभाळून, सडलेला वेचून काढून, वजनातली घट सोसून उन्हाळ कांदा ठेवला त्याला हे २०२३ च्या ऑगस्टमध्ये बघावं लागलं, आणि डिसेंबरात नवीन लाल कांदा काढणाऱ्याला.

बाहेर जगात काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोरोना झाला, २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक जहाज आडवं होऊन सहा दिवस रस्ता बंद झाला, मग लाल समुद्रात जहाजांवर हल्ले, तेव्हापासून प्रत्येक मोठा खरेदीदार एकाच सप्लायरवर अवलंबून राहायला घाबरतो. चायना प्लस वन, म्हणजे चीनच्या जोडीला आणखी एक देश, म्हणतात ते हेच ना? आपण मोबाईलच्या कारखान्यांना सांगतो की आम्ही भरवशाचे आहोत, या. आणि कांद्यात कोलंबो, दुबई, क्वालालंपूरचा खरेदीदार आपल्याच भीतीने पाकिस्तान, चीन, इजिप्तचा माल बघतो. भाव दोन पैसे जास्त असेल तरी चालतं त्याला, माल तारखेला आला पाहिजे. एकदा त्याने दुसरीकडे लाईन लावली की आपण बंदी उठवली म्हणून तो लगेच परत येत नाही.

२०१९ ला बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत सगळ्यांसमोर बोलल्या होत्या की कांदा बंद करायचं आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. त्या हसत बोलल्या, पण मागणी अगदी बरोबर होती, आणि पुढच्याच वर्षी ट्रक परत त्यांच्या बॉर्डरवर अडकले.

शहरातल्या माणसाला कांदा परवडला पाहिजे हे मला पटतं, माझी बहीण पण मुंबईत विकतच घेते. त्यासाठी तुमच्याकडे बफर, म्हणजे सरकारने विकत घेऊन ठेवलेला साठा आहे, २०२४ ला ४.७ लाख टन घेतला होता, तो वेळेवर बाजारात सोडा. पण निर्यातीचं धोरण वर्षातून एकदा ठरवा आणि ऑक्टोबरच्या आत, उन्हाळ कांद्याची रोपं टाकायच्या आधी जाहीर करा. ड्युटी लावायचीच असेल तर अमुक भावाच्या वर अमुक टक्के असं आधीच लिहून ठेवा, म्हणजे आम्ही सौद्यात तो खर्च धरू. कुठलाही बदल निदान ३० दिवसांची नोटीस देऊन करा आणि त्याआधी झालेले सौदे, ज्यांचे पैसे बँकेत आलेत, ते जाऊ द्या. आणि चाळीत माल किती आहे ते मोजा हो. आज सगळे अंदाजावर चालतात, तुमचे अधिकारी पण आणि आमचे व्यापारी पण. मोठ्या कंपन्यांना प्रत्येक गोदामातला स्टॉक मोबाईलवर दिसतो, मग बाजार समित्यांची रोजची आवक आणि तलाठी किंवा कृषी सहायकाकडून चाळींची नोंद एका जागी आणणं अवघड नाही. आकडा समोर असेल तर घाबरून बंदी घालायची वेळच कमी येईल.

याची मीटिंग दिल्लीत नको, एप्रिल-मे मध्ये लासलगावला घ्या, तेव्हा चाळी भरत असतात आणि शेतकरी, मापारी, निर्यातदार, ट्रान्सपोर्टवाले सगळे तिथेच असतात.

आपला,
निफाड तालुक्यातला एक कांदा पॅकिंगवाला