मुखबीर कोण होता, ते दफ्तराला विचारू द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातले निजामी पोलीस दफ्तर वारसांना पाहू देण्याबाबत

महोदय,

मी नांदेड जिल्ह्यातला निवृत्त इतिहास शिक्षक. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ 1948 च्या उन्हाळ्यात विदर्भाच्या हद्दीतल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या एका कॅम्पावर होते. रात्री पैनगंगा ओलांडून निजामाच्या मुलखात शिरायचं, करोडगिरीचा नाका जाळायचा, तारा तोडायच्या आणि उजाडायच्या आत परत. एका रात्री रझाकार वाटेवर आधीच दबा धरून बसलेले निघाले. टोळीतली दोन पोरं तिथंच गेली.

आतलं कोण फुटलं, एवढाच प्रश्न मग कॅम्पात उरला. चार दिवसांपूर्वी धाकटे आजोबा कुणाला न सांगता गावी जाऊन आले होते, कारण बायको बाळंत झाली होती. तेवढं पुरलं. तीन दिवस त्यांना गोठ्यात कोंडून मारलं. अमीनाला, म्हणजे निजामाच्या फौजदाराला, काय सांगितलंस, हे पुन्हा पुन्हा विचारलं. ते नाही म्हणत राहिले. एका वडीलधाऱ्या माणसाने मध्ये पडून जीव वाचवला, पण कॅम्पातून त्यांना काढून दिलंच. पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय फौजांनी निजामाचं राज्य ताब्यात घेतलं, गावात मिरवणूक निघाली, तेव्हा ते दार लावून घरात बसले होते. पुढे सन्मान निवृत्तिवेतनासाठी सोबतच्यांचं प्रमाणपत्र लागत होतं. ते देणार कोण? आमचं घर 'मुखबीराचं घर' झालं. ज्या लेकीचं तोंड बघायला ते आले होते ती माझी आत्या. तिची तीन स्थळं या एका शब्दावर मोडली.

कॅम्पातल्या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्याकडे ना कोर्ट होतं, ना वेळ. आत एकजरी फितूर राहिला तर उद्या सगळेच मारले जाणार, हे त्यांना दिसत होतं. पण अशा घाईत लागलेला डाग नंतर कुणी तपासलाच नाही, आणि तो आमची तिसरी पिढी वागवते आहे.

हे पत्र लिहायला मला उत्तर आयर्लंडमधल्या एका प्रकरणाने भाग पाडलं. तिथल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मी या भूमिगत सशस्त्र संघटनेने आपल्यातले खबरे हुडकायला स्वतंत्र पथक ठेवलं होतं. नव्या भरतीची छाननी त्याच्याकडे आणि फसलेल्या कारवाईची चौकशीही त्याच्याकडेच. संशयिताला उचलायचं, कबुली टेपवर घ्यायची, डोक्यात गोळी घालून प्रेत रस्त्याकडेला टाकायचं. म्हणजे संघटनेतलं प्रत्येक गुपित याच पथकाच्या हातून जायचं. ब्रिटिश लष्कराचा माणूस नेमका तिथंच होता. त्याचं टोपणनाव 'स्टेकनाइफ'. खबऱ्यांचा निवाडा करणाऱ्यांच्या पंगतीत बसलेलाच सरकारचा खबऱ्या होता!

2016 मध्ये या हत्यांचा तपास 'ऑपरेशन केनोव्हा' नावाने सुरू झाला. मार्च 2024 मध्ये त्याचा अंतरिम अहवाल आला. या हेरामुळे जितके जीव वाचले त्याहून अधिक बहुधा गेले, असं त्यात म्हटलं आहे. त्याआधीची बेलफास्टमधली एक गोष्ट तर मला झोपू देत नाही. दहा लेकरांच्या एका विधवा आईला याच संघटनेने 1972 मध्ये हेर म्हणून घरातून उचलून नेलं आणि मारलं. प्रेत 2003 मध्ये सापडलं. 2006 मध्ये पोलीस लोकपालांनी जाहीर केलं की तिने माहिती पुरवल्याचा पुरावाच नाही. चौतीस वर्षांनी का होईना, लेकरांना सरकारी कागदावर ते लिहून मिळालं. ते लिहिता आलं, कारण कुणीतरी सरकारी कागदपत्रं उघडून पाहिली.

आमचेही कागद आहेत. 1956 मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण निजामकालीन दफ्तराचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला. तिथं पोहोचणं अवघड आहे, हे आता सरकार म्हणू शकत नाही. कुणबी नोंदींसाठी 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमलीत, हैदराबादेतली कागदपत्रं तपासलीत, उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं कामाला लावलीत. ते योग्यच केलंत. आता त्याच माणसांना तेलंगणा सरकारच्या परवानगीने 1947 आणि 1948 चं पोलीस दफ्तरही चाळू द्या. कॅम्पांबद्दल कोणत्या बातम्या येत होत्या, त्या कोण देत होतं, कुणाला पैसे पोहोचत होते, हे जिथं लिहिलेलं असेल ते कागद बाजूला काढून त्यांची यादी करा.

सगळी नावं चावडीवर लावा, असं मी म्हणत नाही. ज्यांनी खरोखर बातम्या पुरवल्या त्यांची नातवंडंही आमच्याच शेजारी राहतात, आणि त्यांचा यात काही गुन्हा नाही. वारसाने अर्ज करावा आणि आपल्या माणसापुरतं उत्तर लेखी मिळावं : नाव आहे, नाव नाही, किंवा कागदच सापडत नाही.

जुन्या जखमा उकलतील, असं मंत्रालयात कुणी म्हणेल. पोलीस ॲक्शननंतरच्या कत्तलींवरचा सुंदरलाल समितीचा अहवालही याच भीतीने कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. त्यात नांदेड आणि उस्मानाबादही आहेत. 2013 मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. म्हणून काही मराठवाड्यात कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं नाही.

आत्याने आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. तिच्या सहीचा अर्ज या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला पाठवतो आहे. वडिलांचं नाव त्या दफ्तरात मुखबीर म्हणूनच निघालं, तरी मला तसं कळवा, हे वाक्य तिने मुद्दाम घालायला लावलं आहे.

आपला,
नांदेड जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक