मनू, ऑफर घे, पण आधी त्यांचा गेम डोक्यावर घालून बघ

प्रिय मनू,

फोनवर तू विचारलंस तेव्हा दुकानात गर्दी होती त्यामुळे नीट बोलता आलं नाही, आणि हे काही दोन वाक्यांत उरकायचं प्रकरण नाही, म्हणून आता सगळं आवरून निवांत टाईप करतेय. तुझा प्रश्न असा की पुण्यातली मोबाईल गेमची नोकरी सोडून त्या बंगळुरूच्या व्हीआर (डोक्यावर हेडसेट बांधून जणू गेमच्या आत शिरून खेळायचं ते) कंपनीत जावं का, आणि त्याच्याच पोटात दुसरा, की हे हेडसेट खरंच गेमिंगचं भविष्य आहेत का. बाबांचं मत तुला पाठ आहे, चालू पगार सोडू नये. माझं तसं नाही. मी काही गेम खेळणारी बाई नाही पण डोळे तपासण्यात आणि चष्मे बसवण्यात माझा जन्म गेला, आणि मला अगदी मनापासून वाटतं की ह्या हेडसेटचं पुढं काय होणार ते नाक, मान आणि डोळे ठरवणार, चिप कितीही भारी येऊ दे.

आमच्याकडे रोजचं भांडण वजनाचं असतं बघ. जाड नंबरवाला माणूस हाय इंडेक्सच्या, म्हणजे पातळ, काचेला दुप्पट पैसे मोजतो, कशासाठी तर दोनचार ग्रॅम कमी व्हावेत म्हणून. काचेसकट फ्रेम पंचवीस-तीस ग्रॅमची, तरी लोक नाकावरचे वळ दाखवायला परत येतात. तुझा तो मेटाचा (म्हणजे फेसबुकवाल्यांचा) क्वेस्ट ३ हेडसेट आहे ५१५ ग्रॅमचा. अ‍ॅपलचा व्हिजन प्रो ६०० च्या वर आणि किंमत ३,४९९ डॉलर. बरं हे सगळं वजन चेहऱ्याच्या पुढं येतं, म्हणजे मानेच्या मागच्या स्नायूंना ते सतत ओढून धरावं लागतं. अर्धा तास ठीक आहे गं, पण आपला चिनू जसा सुट्टीत तासन् तास आडवा पडून बीजीएमआय खेळतो तसं हे डोक्यावर बांधून कोण पडून राहणार?

आणि हे स्वप्न आजचं नाही. १९६८ साली इव्हान सदरलंडने अमेरिकेत पहिला असा हेडसेट बनवला तो एवढा जड की छताला टांगावा लागला होता. १९९५ ला निन्टेंडोने व्हर्च्युअल बॉय काढला, त्यात सगळं चित्र लाल-काळं, टेबलावर स्टँडला लावून वाकून बघायचं, वर्षभरात गुंडाळला. मग २०१२ ला पामर लकी नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने ऑक्युलस रिफ्ट ह्या हेडसेटसाठी किकस्टार्टरवर (लोकांकडून वर्गणी गोळा करायची वेबसाईट) अडीच लाख डॉलर मागितले आणि लोकांनी २४ लाख दिले, २०१४ ला फेसबुकने ती कंपनी दोन अब्ज डॉलरला घेतली. मधल्या काळात काय बदललं होतं? मोबाईल. फोनमुळे छोट्या बारीक पिक्सेलच्या स्क्रीन आणि डोकं कुठं वळलं ते सांगणारे सेन्सर स्वस्त झाले, तेच सामान ह्या हेडसेटमध्ये आलं. म्हणजे ज्या फोनला हे मागं टाकणार असं लोक म्हणतात त्याच फोनच्या जिवावर हे उभं राहिलंय.

आता डोळ्यांचं सांगते, हे नीट वाच कारण तुला डिझाईनमध्ये उपयोगी पडेल. हेडसेटमधली स्क्रीन डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असते आणि मधली काच ते चित्र साधारण दीड-दोन मीटर लांब आहे असं डोळ्याला भासवते. ते अंतर फिक्स. पण गेममध्ये कोणी तुझ्या नाकासमोर चाकू आणला की दोन्ही डोळे आत वळतात, जवळचं बघताना वळतात तसेच, आणि फोकस मात्र त्या दीड-दोन मीटरवरच ठेवावा लागतो. खऱ्या आयुष्यात हे दोन्ही एकत्र चालतं, लहानपणापासून सवय असते, इथे त्यांची फारकत होते आणि मग डोळे दुखतात, कपाळ जड होतं. म्हणून वाचायचा मजकूर, मेनू, नकाशा हे हातभर अंतरावर फार वेळ ठेवायचं नाही, थोडं लांब न्यायचं. तुमच्यातले चांगले डिझायनर हे करतातच पण नवीन कंपन्या घाईत विसरतात.

दुसरं पीडी. दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास, बायकांचं पुरुषांपेक्षा जरा कमी. क्वेस्ट २ मध्ये काचा सरकवायच्या तीनच जागा होत्या, ५८, ६३ आणि ६८. चष्म्यात असं तीन मापांत काम केलं असतं तर मला दुकान बंद करावं लागलं असतं! माप चुकलं की चित्र धूसर, डोळ्यावर ताण, आणि माणूस म्हणतो मला व्हीआर सूट होत नाही. खरं तर त्याला ते मापाचं मिळालेलंच नसतं. लहान मुलांचं पीडी तर बऱ्याचदा ५८ च्या खालीच असतं, आणि २०२३ मध्ये मेटाने वयाची अट १३ वरून १० वर आणली, आईवडिलांच्या परवानगीच्या अकाउंटवर, मला ते अजिबात आवडलं नाही. आणि ज्यांचा एक डोळा लहानपणापासून आळशी राहिलाय त्यांना दोन डोळ्यांनी मिळून कळणारा जवळ-लांबचा फरक नीट दिसतच नाही, त्यांच्यासाठी अर्धी जादू जाते. (गंमत बघ, त्याच आजारावर लहान मुलांना हेडसेटमध्ये व्हिडिओ दाखवून उपचार करायचं ल्युमिनोपिया नावाचं उपकरण २०२१ ला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणं मंजूर करणारं सरकारी खातं) मंजूर केलं. मला तर गेमपेक्षा ह्याचंच जास्त कौतुक आहे, पण ते असो.)

मग चक्कर. तुला लहानपणी खंबाटकीत गाडी लागायची, कानाला गाडी वळतेय कळायचं आणि डोळे पुस्तकात असायचे. हेडसेटमध्ये उलटं होतं, डोळ्याला वाटतं आपण पळतोय आणि कान म्हणतो मी तर उभा आहे. चित्र डोकं वळवल्यापासून २० मिलिसेकंदाच्या आत बदललं पाहिजे, सेकंदाला ९० फ्रेम पाहिजेत वगैरे तांत्रिक भाग कंपन्यांनी बराचसा सोडवलाय, पण उभ्या माणसाला बोटाने हातातल्या कंट्रोलरची स्टिक पुढं ढकलून गेममध्ये पळवणं ह्याला तंत्रज्ञानाचं उत्तर नाही, ते गेम बनवणाऱ्यानेच सोडवायचं असतं.

आणि ज्यांनी सोडवलं त्यांचेच गेम चालले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बीट सेबर घे, प्रागच्या छोट्या टीमने २०१८ ला आणला, माणूस एका जागी उभा, ठोकळे त्याच्याकडे येतात, तो हाताने कापतो, हात खरे हलतात तेवढेच गेममध्ये हलतात, कानाशी भांडणच नाही. दिवाळीत तू मला लावून दिलास तेव्हा मला घाम फुटला पण चक्कर नाही आली. वाल्वने २०२० ला हाफ लाईफ अ‍ॅलिक्स काढला त्यात टेलिपोर्ट करून, म्हणजे न चालता एकदम दुसऱ्या जागी, जायची सोय दिली. आणि तो गोरिला टॅग, ग्राफिक्स बघितलं तर काहीच नाही, पाय सुद्धा नाहीत, दोन्ही हात जमिनीवर आपटत पळायचं, पण पोरांनी डोक्यावर घेतला कारण पळण्याचे कष्ट स्वतःच्या हातांना होतात. हे तिन्ही गेम फोनवर आणून बघ, उरेल का काही? तर माझं मत हेच आहे, जो गेम अंगाने खेळायचा आहे त्यासाठी हेडसेटला पर्याय नाही, आणि जो अंगठ्याने खेळायचा आहे तो डोक्यावर नेऊन उगाच लोकांना त्रास द्यायचा. अंगाने खेळायचे गेम माणूस वीस-तीस मिनिटं खेळतो आणि थांबतो, त्यामुळे हे सगळ्या गेमिंगची जागा घेईल असं मला नाही वाटत, पण जे आहे ते खरं आहे आणि राहील.

पैशाचं तूच मला सांगतेस पण एकदा समोर मांडते. २०१९ संपेपर्यंत प्लेस्टेशन ४ दहा कोटींच्या वर विकले गेले होते आणि त्याचा व्हीआर हेडसेट ५० लाखांच्या आसपास, म्हणजे ज्यांच्या घरी मशीन आधीच होतं त्यांतल्याही वीसेक जणांत एकानेच घेतला. मेटाच्या ह्या हेडसेट-चष्म्यांच्या विभागाचा २०२४ ह्या एका वर्षातला तोटा १७ अब्ज डॉलरच्या वर. त्याच वर्षी त्यांनी रेडी अ‍ॅट डॉन हा स्वतःच विकत घेतलेला स्टुडिओ बंद केला, सोनीने लंडनचा आपला स्टुडिओ बंद केला, दोन्हीकडे व्हीआरचं चांगलं काम केलेली माणसं होती. एका मोठ्या कंपनीच्या पैशावर सगळं गाव उभं असलं की तिचं मन फिरलं की काय होतं ते तू बघतेच आहेस. आणि आपल्याकडे तर गेम म्हणजे फोनच, पुण्यातल्याच सुपरगेमिंग कंपनीने इंडस हा गेम काढला तो २०२४ ला मोबाईलवरच. हेडसेट बऱ्याच जणांनी मॉलच्या गेम झोनमध्येच पहिल्यांदा घातलेला असतो.

स्मार्ट चष्म्यांचंही सांगते कारण लोक मला विचारतात. रे-बॅन मेटाचे चष्मे २०२३ ला आले, पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर, २०२५ मध्ये आपल्याकडेही मिळायला लागले, आणि चेहऱ्यावर घालायची वस्तू हलकी आणि दिसायला बरी असली की लोक घेतात हे त्यांनी दाखवलं. पण त्या पहिल्या चष्म्यांत स्क्रीनच नाही, कॅमेरा आणि आवाज फक्त. पूर्ण दुनिया दाखवायची तर बाहेरचा उजेड बंद करावा लागतो आणि तेवढी मोठी काच, स्क्रीन, बॅटरी कुठंतरी ठेवावी लागते, ते पन्नास ग्रॅमात बसवणं सोपं नाही. दहा वर्षांत होईलही, पॅनकेक लेन्स नावाच्या पातळ काचांनी हेडसेटची जाडी बरीच कमी केलीच आहे. पण त्या दहा वर्षांचं भाडं तुला दर महिन्याला भरायचंय.

म्हणून माझं ऐकशील तर त्यांना सरळ तीन-चार गोष्टी विचार, लाजू नकोस. पैसा कोणाचा आहे, हेडसेट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्रँटवर चाललंय का स्वतःचे गेम विकून. हातात किती महिन्यांचा पगार आहे. टीममध्ये रोज हेडसेट घालून टेस्ट करणारी माणसं किती आणि त्यात बायका किती, कारण सगळी पोरंच असतील तर पीडीचा घोळ कोणाच्या लक्षातच येणार नाही. आणि सगळ्यात आधी त्यांचा बिल्ड, म्हणजे आत्तापर्यंत तयार झालेला गेम, माग. त्यांचा गेम अंगाने खेळायचा असेल, पंधरा मिनिटांनी काढल्यावर तुला परत घालावासा वाटला, तर जा. बाबांशी मी बोलते. तू लहानपणापासून भिंतीवर चढायचीस, झाडावर चढायचीस, फोनच्या स्क्रीनवर रंगीत बटणं हलवत बसण्यापेक्षा हे काम तुझ्या जास्त अंगचं आहे असं मला आई म्हणून वाटतं, आणि तिथं कॅमेरा तुझ्या हातात नसतो, खेळणाऱ्याचं डोकं हाच कॅमेरा, त्यामुळे जे शिकशील ते मोबाईलवर परत आलीस तरी वाया जाणार नाही. पण त्यांचा गेम म्हणजे फोनवरचाच शूटर हेडसेटमध्ये कोंबलेला असेल तर नको जाऊस, पगार कितीही देऊ देत.

बाकी, तुझं पीडी ६० आहे, हेडसेटचं चाक तेवढ्यावर ठेव. चष्म्यासकट घालतेस त्याने हेडसेटच्या काचेवर ओरखडे पडतील, तुझ्या नंबरच्या आत बसवायच्या काचा करून घेऊ. आणि तो बाल्कनीजवळच्या टेबलावर ठेवू नकोस गं, ऊन त्या लेन्समधून आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. बिल्ड आला की कळव, रविवारी दुकान बंद असतं, सकाळच्या गाडीने येते, आपण दोघी खेळून बघू आणि मग त्यांना काय ते उत्तर दे.

आई