शेळीचे रान कागदावरून डोंगरावर आणा: ग्रीसच्या कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
ग्रामीण विकास व अन्न मंत्रालय, अथेन्स

सविनय नमस्कार.

या पत्राची ग्रीक प्रत आपल्या मंत्रालयाकडे पाठवली आहे. मराठीत ते सगळ्यांपुढे ठेवते आहे, कारण माझी माणसे शेळीला ओळखतात. मी संगमनेरकडची. आमच्या भागात शेळीची एक जातच गावाच्या नावाने ओळखली जाते. गेली काही वर्षे मध्य ग्रीसमधल्या थेसली प्रांतात, ऑलिंपस पर्वताच्या पश्चिमेला एलासोनाच्या बाजूला, शेळीपालकांना चारा आणि खुराकाचा सल्ला देण्याचे काम करते. तुमच्या डोंगरांनी मला पोटाला दिले आहे, म्हणून हे लिहिण्याचा हक्क मी मानते.

माझे म्हणणे एकच आहे. ग्रीसमधली शेळी काय खाते, कुठे खाते आणि कोणत्या महिन्यात खाते, याचा गाववार आराखडा तयार करा आणि युरोपीय संघाकडून येणाऱ्या चराईच्या अनुदानाचा प्रत्येक युरो त्या आराखड्याला बांधा. कायदा तुमच्याकडे आहे. 2015 च्या 4351 क्रमांकाच्या कायद्यानेच प्रत्येक प्रदेशात चराई व्यवस्थापन आराखडे करायचे ठरवले होते. ते होईपर्यंत तात्पुरती सोय म्हणून कागदावर कुरणे वाटायची पद्धत पडली. कळप एका जिल्ह्यात आणि त्याच्या नावावरचे कुरण भलत्याच जिल्ह्यात, असे चालू झाले. तात्पुरते म्हणून आलेले वर्षानुवर्षे राहिले. पुढे ज्यांच्याकडे एक करडूही नव्हते त्यांनी हेक्टरच्या हेक्टर दाखवून पैसे उचलले. युरोपीय सरकारी वकील कार्यालयाने तपास सुरू केला, 2025 च्या जूनमध्ये युरोपीय आयोगाने जवळपास 40 कोटी युरोंचा दंड बसवला, आणि अनुदान वाटणाऱ्या संस्थेचे काम करखात्याच्या प्राधिकरणाकडे सोपवायचे ठरले. दोषींना शिक्षा व्हायला हवी, पण ते न्यायालय पाहील. मला काळजी आहे ती उपाय म्हणून फक्त तपासनीस बदलले जातील याची. हेक्टर मोजणारा बदलला आणि मोजण्याची रीत तीच राहिली, तर डोंगरावर खरोखर राहणारा शेळीवाला होता तिथेच राहील.

रीत कुठे चुकते ते खुराकाच्या बाजूने सांगते. गाय आणि मेंढी मान खाली घालून गवत खातात. शेळी मान वर करून खाते. मागच्या दोन पायांवर उभी राहून फांदी ओढते, शेंडा खुडते, दोन घास घेऊन पुढच्या झुडपाकडे जाते. तुमच्या डोंगरावर तिचे अन्न म्हणजे काटेरी पानांचा बुटका ओक, ज्याला इथे पुर्नारी म्हणतात. त्याच्या जोडीला लेंटिस्क, रानटी ऑलिव्ह, आर्बुटस अशी झुडपे, आणि वसंतात मधल्या मोकळ्या जागेत उगवणारे थोडे गवत. आमच्याकडची शेळी बोर, बाभूळ आणि शेवरीवर जगते, तशीच ही. अनुदानाच्या हिशेबात मात्र बराच काळ कुरण म्हणजे गवतच धरले गेले. जमिनीवर झुडूप जितके जास्त तितके पात्र क्षेत्र कमी! ज्या डोंगरउतारावर दोनशे शेळ्या खरोखर पोट भरतात, तो कागदावर अर्धा किंवा शून्य ठरला. 2017 मध्ये युरोपीय संघाने व्याख्या सुधारली आणि जिथे गवत मुख्य नाही पण जनावरे चरू शकतात अशी झुडपी रानेही कायम कुरणात धरण्याची मुभा सदस्य देशांना दिली. मुभा मिळाली, पण कोणत्या रानात किती पाला आहे हे पाहिल्याशिवाय तिचा उपयोग काय?

आणि हे पाहणे म्हणजे उपग्रहाच्या चित्रावर हिरवा रंग मोजणे नव्हे. हिरवे दिसणारे सगळे खाण्याजोगे नसते. पुर्नारीची वसंतातली कोवळी फूट मऊ आणि प्रथिनांनी भरलेली असते. ऑगस्टमध्ये तेच पान चामड्यासारखे होते. त्यातले टॅनिन, म्हणजे पानातले तुरट द्रव्य, थोड्या प्रमाणात औषधाचे काम करते: पोटातले जंत कमी राहतात, आणि प्रथिने पहिल्या पोटात वाया न जाता आतड्यापर्यंत पोहोचतात. प्रमाण वाढले की तेच टॅनिन पचन अडवते. म्हणून एकाच डोंगराची मे महिन्यातली किंमत वेगळी आणि ऑगस्टमधली वेगळी. ज्या आराखड्यात महिना नाही, तो शेळीच्या उपयोगाचा नाही.

वर्षाचे गणितही तसेच आहे. इथल्या डोंगरी शेळ्या उन्हाळ्यात फळतात. गाभणपण पाच महिन्यांचे, म्हणजे विण्याचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. माजावर येताना अंगावर थोडे मांस चढते असावे लागते, तर जुळी होतात. नेमके तेव्हाच रान करपलेले असते. गाभणपणाचे शेवटचे दीड महिने पोटातले पिल्लू सर्वांत वेगाने वाढते. त्याच्या दाबाने शेळीला वैरण कमी जाते आणि गरज मात्र वाढते. त्या वेळी खुराक कमी पडला तर शेळी अंगातली चरबी जाळते, सुस्तावते, बसते, आणि पुष्कळदा उठत नाही. व्यायल्यावर दुधाची धार मोठी असते आणि डोंगरावर थंडी. म्हणजे वर्षात दोन खिंडी आहेत: उन्हाळ्यातली फळण्याची आणि हिवाळ्यातली विण्याची. आधाराचा पैसा आणि चारा या दोन खिंडींच्या आधी पोहोचायला हवा. तो उशिरा आला की शेतकरी उधारीवर पोती उचलतो आणि हिवाळ्याचे दूध उन्हाळ्याच्या देण्यात जाते.

पोत्यांचे सांगायलाच हवे. रान तुटले की शेळी गोठ्यात येते आणि तिच्यापुढे मका, बार्ली, बाहेरून आलेली सोयाबीन पेंड पडते. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि धान्याचे भाव चढले, तेव्हा गोठ्यात बांधलेल्या कळपांचे काय झाले ते आपल्या खात्याला ठाऊक आहे. ज्यांच्याकडे रान होते ते तरले. शिवाय शेळीचे पोट धान्यासाठी बनलेले नाही. एका वेळी अर्ध्या किलोहून जास्त धान्य पडले, वर वैरण कमी, की पोटात आम्ल वाढते, दुधाची फॅट घसरते, खूर दुखतात, आणि मग आंत्रविषाराने, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने, एका रात्रीत शेळी जाते. मी सल्ला देते तो साधा असतो: आधी पाला आणि वाळला चारा, मग बार्ली, तीही दोन-तीन वेळांत वाटून. प्रथिनांसाठी सोयाबीनच हवे असे नाही. व्हेच (चाऱ्याचे एक कडधान्य), वाटाणा, बाकला ही पिके थेसलीच्या शेतात येतात, आणि व्हेचचा वाळवलेला चारा शेळी आवडीने खाते. ग्रीस युरोपीय संघातला सर्वांत मोठा कापूस उत्पादक आहे, म्हणजे सरकी पेंड दारातच आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे वाचून आपलेच गाव आठवेल. डोंगरातला कळप आणि मैदानातले शेत यांची गाठ घालून द्या. कोरडवाहू गव्हाच्या शेतकऱ्याने एक वर्ष व्हेच पेरला तर जमिनीला नत्र मिळते आणि शेळीला वैरण. पेरणीआधी खरेदीची हमी असेल तर तो पेरेल.

फेटा या ग्रीक चीजचा विषय यातच येतो. 2002 मध्ये संरक्षित नाव म्हणून, म्हणजे ठरलेल्या प्रदेशातल्या मालालाच वापरता येणारे नाव म्हणून, नोंदलेल्या फेटामध्ये मेंढीचे दूध किमान 70 टक्के आणि शेळीचे फार तर 30 टक्के. त्याच नियमात लिहिले आहे की दूध देणारी जनावरे त्या प्रदेशात परंपरेने पाळलेल्या जातींची असावीत आणि त्यांचा आहार त्या प्रदेशातल्या वनस्पतींवर आधारलेला असावा. या नावासाठी तुमचा देश डेन्मार्क आणि जर्मनीशी वर्षानुवर्षे युरोपच्या न्यायालयात झगडला आणि जिंकला. मग ज्या वनस्पतींच्या नावावर हा हक्क उभा आहे, त्यांची गाववार नोंद नसणे हे मोठे दुबळेपण आहे. रानात चरणाऱ्या जनावरांच्या दुधात ओमेगा-3 सारखी स्निग्धाम्ले जास्त असतात हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. चव तर खाणाऱ्याला कळतेच. एलासोनाच्या करडाच्या मांसालाही संरक्षित नाव आहे, आणि त्याचाही आधार डोंगरची चराई हाच आहे.

वणव्यांबद्दल थोडे मोकळेपणाने बोलते. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राभोवतीच्या सरकारांनी शेळीला जंगलाची वैरीण ठरवले. सायप्रसमध्ये ब्रिटिशांनी 1913 मध्ये शेळ्या हटवण्यासाठी कायदा केला. इस्रायलने 1950 मध्ये केला, आणि मोठ्या वणव्यांनंतर 2018 मध्ये तो मागे घेतला, कारण शेळ्या गेल्यावर झुडूप माजले आणि त्याने पेट घेतला. तुमच्याकडे 2021 मध्ये एव्हिया बेटाचा उत्तर भाग जळाला, 2023 मध्ये ईशान्येकडच्या एव्रोस भागाला युरोपीय संघातला नोंदीतला सर्वांत मोठा वणवा लागला. गावे ओस पडली, कळप उतरले, आणि झुडपी रान कोरड्या सरपणासारखे वाढत गेले. शेळी सगळे वणवे थांबवील असे मी म्हणणार नाही. जळलेल्या रानात लगेच कळप सोडला तर नवी रोपे उभीच राहणार नाहीत, आणि तिथली चराईबंदी योग्यच आहे. आमच्याकडे हिवरे बाजारने चराईबंदी करूनच उजाड डोंगर हिरवा केला. पण बंदी किती वर्षे, कोणत्या उतारावर, आणि तोवर त्या कळपाने खायचे काय, हे आराखड्यात लिहिलेले असले पाहिजे. नाहीतर बंदी म्हणजे कळप विकण्याचा हुकूम ठरतो.

स्पेनच्या अँडालुसियाने यात वाट दाखवली आहे. तिथे वनखाते धनगरांना ठरलेल्या जाळपट्ट्यांवर, म्हणजे वणवा अडवायला राखलेल्या मोकळ्या पट्ट्यांवर, कळप चारण्याचे पैसे देते आणि झुडूप खरोखर किती खाल्ले गेले ते जाऊन पाहते. पैसा हेक्टरच्या उताऱ्यावर मिळत नाही, खाल्लेल्या झाडोऱ्यावर मिळतो. अशा रीतीत खोटा कळप दाखवणे अवघड, कारण खोटी शेळी फांदी खुडत नाही. मला वाटते, ज्या देशाला घोटाळ्याने एवढे पोळले त्याला याहून चांगली तपासणी मिळणार नाही.

रोगांबद्दल थोडक्यात. 2024 च्या जुलैत थेसलीत पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, आला, त्यामागून शेळ्या-मेंढ्यांची देवी पसरली आणि 4 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्याआधी 2023 च्या सप्टेंबरात डॅनियल वादळाने याच मैदानात कळप आणि चाऱ्याच्या गंजी बुडवल्या होत्या. देवीच्या लसीचा निर्णय निर्यातीच्या हिशेबात अडकला आहे. महाराष्ट्रात मी शेळ्यांना ही लस टोचताना पाहत वाढले, म्हणून तो लवकर व्हावा असे मला मनापासून वाटते. पण माझ्या विषयाचा मुद्दा पुढचा आहे. कळप पुन्हा उभे करताना बाहेरून गोठ्यात वाढलेल्या जास्त दुधाच्या शेळ्या आणून डोंगरावर सोडू नका. कोणते झुडूप कधी खायचे, किती खायचे, कुठे थांबायचे, हे करडू आईच्या मागे फिरत शिकते. गोठ्यात वाढलेली शेळी पुर्नारीपुढे उपाशी उभी राहते. भरपाईत स्थानिक कळपांतल्या पाठींना, म्हणजे तरुण माद्यांना, प्राधान्य द्या आणि ज्यांच्याकडे असे कळप शिल्लक आहेत त्यांना पाठी राखून ठेवण्यासाठी वेगळी रक्कम द्या. पहिली दोन वर्षे दूध कमी येईल. तो तोटा भरून देण्याची तयारी हवी.

हे सगळे करणारी माणसे कोण, हेही पाहा. पिंडस डोंगररांगेतल्या कुरणांकडे उन्हाळ्यात कळप नेण्याच्या परंपरेला 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत मान मिळाला, आणि आमच्या कोकण-देश फिरणाऱ्या धनगरांच्या लेकीबाळींना त्याचा आनंद वाटेल. पण आज अनेक कळपांमागे अल्बेनियाचे, पाकिस्तानचे, पंजाबचे गडी चालतात. रान त्यांना तोंडपाठ असते. आराखडा करायला येणाऱ्या वनाधिकाऱ्याने आणि पशुवैद्याने त्यांच्याबरोबर चारही ऋतूंत डोंगर चालावा, आणि नकाशावर त्यांचे म्हणणे नोंदवावे. त्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण विण्याच्या हंगामात अडकू नये, एवढीही काळजी घ्या.

सुरुवात लहान ठेवा. एलासोना, एव्हिया आणि क्रीटमधला एखादा डोंगराळ भाग निवडा. एका वर्षात तिथल्या गावांचे आराखडे ऋतूनुसार करा, ते गावच्या चावडीवर लावा, म्हणजे कोणाचा कळप कुठे चरतो हे शेजाऱ्याला वाचता येईल. उन्हाळ्यात कळप फळण्याआधी आणि हिवाळ्यात विण्याआधी, अशा दोन हप्त्यांत आधार द्या. जो चारतो त्याच्याच खात्यावर तो जमा होऊ द्या. या कामात चारा तपासणीसाठी, आहाराचे हिशेब करण्यासाठी माझा वेळ मी विनामोबदला द्यायला तयार आहे, आणि माझ्यासारखे आणखी काही जण इथे आहेत. यंदाचा फळण्याचा हंगाम येण्याआधी आपले उत्तर मिळावे ही विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
एक मराठी पशुआहार सल्लागार, एलासोना