बॉक्सिंगमध्ये आधी पाय शिकवा, पंच नंतर

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली की बॉक्सिंगच्या बॅचेस जोरात सुरू होतात, आणि लव्हलिना बोर्गोहेनचं टोकियो ऑलिंपिकचं ब्राँझ, निखत जरीन 2022 आणि 2023 ला लागोपाठ वर्ल्ड चॅम्पियन, हे बघून आता मुलींचे आईवडीलही स्वतःहून चौकशीला येतात, याचा मला कोच म्हणून खरंच आनंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी पहिल्याच दिवशी पोरांना ग्लोव्हज घालून थेट पंचिंग बॅगवर सोडतात, व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर जातो, सगळे खूश, आणि पायांकडे कुणाचंच लक्ष नाही.

अहो पंचची ताकद दंडातून येत नाही, मागचा पाय जमीन ढकलतो, मग कंबर फिरते, मग खांदा आणि शेवटी मूठ. पाय चुकीचे असले की सगळा भार मनगटावर, आणि मग पोरगं मनगट धरून घरी.

उजव्या हाताच्या मुलाचा डावा पाय पुढे, पायांत खांद्याएवढं अंतर, गुडघे किंचित वाकलेले, मागची टाच उचललेली. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी, मागे यायचं तर मागचा आधी, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा, आणि दुसरा पाय लगेच तेवढाच सरकला पाहिजे. पाय एकमेकांना चिकटवायचे नाहीत, क्रॉस तर कधीच करायचे नाहीत. मी फरशीवर खडूने एक सरळ रेघ मारतो, डावा पाय रेघेच्या डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि रेघेवरून पुढे-मागे जायला लावतो. नवीन मुलांचं बघा, तिसऱ्या-चौथ्या पावलाला मागचा पाय रेघेवर येतो, दोन्ही पाय एका ओळीत, मग खांद्याला हलकं बोट लावलं तरी पोरगं बाजूला कलंडतं. तिथे समोरून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, आला तर काय होणार सांगा.

हे सगळं बसलं की मग जॅब, तोही असा की पाऊल आणि मूठ एकदमच पडली पाहिजे. मग पिव्होट, म्हणजे पुढच्या पायाच्या चवड्यावर गिरकी घेऊन दिशा बदलणं. आणि समोरच्याचा उजव्या हाताचा पंच जड असेल तर आपल्या उजवीकडे सरकायचं, म्हणजे त्याच्या उजव्या हातापासून लांब, नवीन मुलं नेमकी उलटी जाऊन सापडतात.

पालक विचारतात, पंच कधी शिकवणार, पोरगा नुसता नाचतोय. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला त्याच्या वडिलांनीच, जे त्याचे कोच पण होते, लहानपणी पारंपरिक नाचाच्या क्लासला घातलं होतं, पुढे 2008 आणि 2012 दोन्ही ऑलिंपिकला त्याने गोल्ड घेतलं आणि त्याचे पाय बघायला लोक आजही त्याच्या फाइट्स लावतात. तेव्हा नाचू द्या हो, दोरीवरच्या उड्या मारू द्या, आरशासमोर शॅडो, म्हणजे हवेतच पंच मारायचा सराव, करू द्या, बॅग कुठे पळून जात नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्पॅरिंगची, म्हणजे दोघांच्या सरावाच्या लढतीची. सुट्टीच्या कॅम्पमध्ये शेवटच्या दिवशी पालकांना दाखवायचं म्हणून मुलांना एकमेकांसमोर उभं करतात. ज्याला धड मागे सरकता येत नाही तो मार चुकवणार कसा, तो डोक्यावर खाणार. जिल्हा पातळीवर शिबिरं घेणाऱ्यांनी एवढा तरी नियम करावा की ज्या मुलाला गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, न सोडता, पाय न अडकता चारही दिशांना फिरता येत नाही त्याला स्पॅरिंगला उतरवायचं नाही, मग कॅम्प संपायला आला असला तरी.

– एक बॉक्सिंग कोच, पुणे