त्या बादलीबद्दल

बॉस्टन, 9 नोव्हेंबर

ती. बापू व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी सुरू झालीय, पण जाड कोट घेतलाय. आईनं मफलर पाठवायच्या भानगडीत पडू नये, मफलरपेक्षा पोस्टाचाच खर्च जास्त होतो.

परवा फोनवर बापू काहीच बोलले नाहीत, म्हणून लिहायला बसलो. दादानं तुम्हाला तो व्हिडिओ दाखवला हे वहिनीकडून कळलं. हातात प्लॅस्टिकची बादली धरून मी टेबलाटेबलापुढं फिरतोय, तोच ना? "मागून खायला गेला व्हय इतक्या लांब?" असं बापू म्हणाले म्हणे. तर त्या बादलीचं नीट सांगतो.

इथं लहान जागेत जाझ ऐकायला बऱ्याचदा तिकीट नसतं. लोक येतात, बिअर घेतात, बसतात. बारवाला आम्हाला ठरलेले पैसे देतो, पण ते थोडे. म्हणून मध्यंतराच्या आधी आमच्यातला एकजण माइकवर प्रत्येकाचं नाव घेतो, टाळ्या पडतात आणि दुसरा बादली घेऊन निघतो. कुणी एक डॉलर टाकतं, कुणी वीस. ज्याच्याकडं नोट नाही तो बादलीवर चिकटवलेल्या कोडवर फोन धरतो. काहीच टाकलं नाही तरी कुणी वाकडं बघत नाही. शेवटी सगळ्यांना सारखे वाटे. त्या रात्री चौघांना 53-53 डॉलर आले. आमचा ड्रमवाला साठीचा, स्वतःच्या घरात राहतो, नातवंडं आहेत. पाळी आली की तोही फिरतो. त्या दिवशी पाळी माझी होती, एवढंच. आई, तू मंगळवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागतेस, ते घरात ज्वारी नसते म्हणून का? बापूंना हे तूच सांग. मी सांगितलं तर उलटून बोलल्यासारखं होईल.

पोट भरतं का, तर भरतं. शिकवण्यावर भरतं. आठवड्याला अकरा मुलं येतात, अर्धा अर्धा तास. त्यांतला एक नऊ वर्षांचा आहे, गिटार त्याच्याहून मोठी. मी बर्कली या संगीताच्या कॉलेजात आलो तेव्हा, असं कॉलेज खरंच असतं का, असं बापूंनी चारदा विचारलं होतं. 1945 पासून आहे. आणि तिथून जवळच वॉलीज नावाचा छोटा क्लब 1947 पासून चालू आहे. तिथं म्हाताऱ्यांसोबत वाजवून पोरं खरी तयार होतात. मीही तिथंच पहिल्यांदा तोंडावर आपटलो.

दिवसा एक काम अन् रात्री वाजवणं हे काही माझंच रडगाणं नाही. इंडियानापोलिसचा जाझ गिटारवाला वेस माँटगोमेरी दिवसभर कारखान्यात राबायचा आणि रात्री बारमध्ये वाजवायचा, घरी सात लेकरं. सरावाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यानं पिक, म्हणजे तार छेडायची चकती, सोडलं, अंगठ्यानं वाजवायला लागला, असं सांगतात. तोच अंगठा पुढं त्याची ओळख झाला. 1960 मध्ये त्याची मोठी रेकॉर्ड आली, नाव झालं, 1968 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. हे शेवटचं लिहायला नको होतं. आई, माझी तब्येत ठणठणीत आहे.

एक चांगली बातमी. मी बांधलेली चाल आता आम्ही दर वेळी वाजवतो. बापू, तुम्ही भजनात मुखडा धरून फिरून परत येता ना, तसंच इथंही. आधी सगळ्यांनी मिळून चाल, मग एकेकानं सुचेल ते, शेवटी पुन्हा चाल. फक्त मोजायचं चक्र कॉर्डचं, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांचं, 12 नाहीतर 32 मापांचं, एका मापात बहुतेक चार मात्रा. माझ्या चालीत नवरात्रातला संबळ आहे. ड्रमवाल्याला मी जेवायच्या टेबलावर दोन चमच्यांनी वाजवून दाखवला, पण त्याचा हात सारखा दुसऱ्या अन् चौथ्या मात्रेवरच जोर द्यायचा. इथं लोक टाळ्याही तिथंच देतात. चार तालमी गेल्या. मग एकदम जमलं तेव्हा तो हसायलाच लागला, आणि मला उगीच योगेश्वरीच्या देवळापुढचा चिखल आठवला. चालीचं नाव 'पाच घरं' ठेवलंय.

आता पैशाचं. सोमवारी 60,000 टाकलेत. यंदा पावसानं सोयाबीन झोपवलं, माहीत आहे, तेव्हा मंडपवाल्याचा इसार यातूनच द्या, कुणाकडं उसनं मागू नका. माझ्याकडं दोन गिटारी होत्या, एक काढून टाकली. नाहीतरी एका वेळी एकच वाजवता येते.

आत्यानं पाठवलेला फोटो पाहिला. मुलगी चांगली आहे. पण तिच्या घरच्यांना बादलीचा व्हिडिओ आधी दाखवा, मग पुढचं बोलू.

छोटीच्या लग्नाला येतो म्हणलो होतो. व्हिसाचे कागद वकिलाकडं आहेत, आत्ता बाहेर पडलो तर परत येताना अडचण होईल म्हणतो तो. तिला तुम्ही सांगू नका, मीच सांगणार आहे, या रविवारी नक्की. कानपिळीला दादा आहेच. त्याला म्हणावं, माझ्या वाटचा जरा जोरात पिळ.

तुमचा,
धाकटा

ता. क. मफलर पाठवला तरी चालेल.