सुट्टीत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको

महोदय,

वार्षिक परीक्षा आटोपली की दुसरीतल्या मुलाची वह्या-पुस्तके माळ्यावर जातात. देवगड-रत्नागिरीकडे तर याच दिवसांत घरोघरी आंबा उतरवायची घाई. मुलाला जवळ घेऊन बसायला फुरसत कुणाला?

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार दुसरी संपताना मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. पालक घड्याळ लावतात आणि ‘अर्थ समजून’ एवढेच विसरतात. पोर धडाधडा वाचते; गोष्टीत काय झाले विचारले की गप्प.

या वयात अडते ते बहुधा जोडाक्षरांशी. त्यासाठी सराव-वह्यांचा ढीग कशाला? एसटीवरच्या पाट्या आहेत: विजयदुर्ग, कुणकेश्वर, रत्नागिरी. पेट्यांवर डझन लिहायचे काम मुलाला द्या, पाच पेट्यांत मिळून किती डझन ते त्यालाच जुळवू दे. रात्री आजीने मालवणीत गोष्ट सांगावी आणि त्याने ती आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहावी. शुद्धलेखनाच्या चुका लगेच लाल करू नयेत, एवढी कृपा करावी.

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, पण मोबाइल हातात आला की पुस्तक मागे पडते. म्हणून शाळांना विनंती, वाचनालयाचे कपाट मे महिन्यात बंद ठेवू नका. प्रत्येक मुलाला दोन-तीन गोष्टींची पुस्तके घरी न्यायला द्या. एखादे आमरसाने डागाळेल, डागाळू दे.

– एक पालक, देवगड