हार्बरच्या निवृत्तीविषयी

प्रिय शैला,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व ठीक आहोत. माझा रक्तदाब गोळीच्या धाकात आहे. पत्राला कारण हार्बरचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणाला सांगितले तर "कुत्र्यासाठी एवढे?" हेच ऐकावे लागेल.

आम्ही वाढवलेला हार्बर ज्यांच्या मदतीला दिला, त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या सार्जंटांचा फोन आला. हार्बर आता दहाला टेकला आहे. त्यांच्या फ्रिजच्या दाराला बांधलेली दोरी तू फोटोत पाहिली आहेस. एका हिसक्यात दार उघडणारा हा गडी हल्ली दोनदा ओढतो आणि मग खाली बसून त्यांच्या तोंडाकडे पाहतो. जमिनीवर पडलेले बँकेचे कार्ड मात्र अजून उचलतो: पंजाने भिंतीपर्यंत सरकवायचे, कड वर आली की ओठात धरायचे आणि पुढचे पाय त्यांच्या मांडीवर टेकून हातात द्यायचे. पण तसे उभे राहताना त्याचे मागचे पाय थरथरतात. म्हणून त्याची निवृत्ती ठरली असून सार्जंटांना दुसरा कुत्रा मिळणार आहे. चाकाच्या खुर्चीतून दोन कुत्रे सांभाळणे एकट्या माणसाला झेपणारे नाही, शिवाय आज्ञा नव्याला दिली तरी धावणार जुनाच. तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही त्याला परत न्याल का?"

आठ आठवड्यांचे पिल्लू आणून दीड वर्षाने देऊन टाकायचे, हा माझा बेत ऐकून तू "शुद्ध निर्दयपणा" म्हणाली होतीस, आणि आपण ती दिवाळी अबोल्यात काढली. सांता रोझाची कॅनाइन कम्पॅनियन्स ही संस्था 1975 पासून हेच करते: आमच्यासारख्या घरांनी पिल्लाला गर्दीची, लिफ्टची, बसची सवय लावायची, पुढचे शिक्षण तिथल्या प्रशिक्षकांनी द्यायचे आणि त्यातून जे टिकतील ते अपंगांना विनामूल्य द्यायचे. एका वेताची सगळी नावे एकाच अक्षराची, म्हणून हा हार्बर. ह्यांनी त्याचा हरबा केला आणि आज्ञा ठरलेल्या इंग्रजी शब्दांतच द्यायच्या असताना "हरबा, बस की रे" म्हणून त्याला बसवले. प्रशिक्षकांना हे अजून ठाऊक नाही.

न्यायला मी एका पायावर तयार आहे आणि तेच मला खुपते. इराकमधल्या स्फोटानंतर सार्जंट झोपेत ओरडून उठतात, तेव्हा हार्बर नाकाने दिवा लावतो. आमच्याकडे तो रात्री काय करील? ह्यांच्या घोरण्यावर दिवे लावत बसेल! पूर्वी दुकानात लोक खुर्ची पाहून नजर चुकवत. हार्बर आल्यापासून त्याच्या निमित्ताने सार्जंटांशी बोलू लागले. एका हॉटेलवाल्याने प्रमाणपत्र मागितले, तर अमेरिकेच्या कायद्यानुसार दोनच प्रश्न विचारता येतात, कुत्रा अपंगत्वासाठी लागतो का आणि कोणते काम शिकला आहे, हे त्यांनी शांतपणे समजावले आणि वर सांगितले, "तिसरा विचारलात तर तो तुमचे बिल उचलून आणील." असा जोडीदार त्यांच्या घरातून मी उचलून आणायचा, हे मनाला पटत नाही, आणि कामाची निळी झूल उतरवून त्याने आपल्याच घरात दुसऱ्या कुत्र्याला ती घालताना पाहायचे, हे त्याहून पटत नाही.

नव्या कुत्र्याबरोबरच्या दोन आठवड्यांच्या शिक्षणाला सार्जंट जातील, तेवढे दिवस हार्बर आमच्याकडेच राहील. कायमचे तेव्हा पाहू, असे ह्यांचे म्हणणे. मला वाटते, माणसाला असे टांगणीवर ठेवू नये; होकार आत्ताच द्यावा आणि महिन्यातून एकदा त्याला फ्रेझ्नोला न्यावे. पण दर वेळी निघताना त्या दोघांचे काय होईल, इथे माझे घोडे अडते. तू टोमणा मारणारच आहेस. तो मारून झाला की मत कळव. सार्जंटांना रविवारी सांगायचे आहे.

तुझा गुडघा, सूनबाईची परीक्षा, गच्चीची गळती यांचेही दोन ओळींत लिही. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मंगल